ते पोड कोणाचं?

"यवतमाळला? तिकडं कोण आहे तुमचं?" साताऱ्याहून निघताना शेजारच्या बाईंनी विचारलं. एक विद्यार्थिनी आहे, असं मी सांगितलं. त्यांना ते फारसं पटलं नाही. विद्यार्थिनीकडं कोणी हजार कोसांवर जातं का, असा चेहरा करून त्यांनी माझ्या हातात लाडवांचा डबा ठेवला.

मी जन्मभर नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. शिकवलं म्हणजे ओरडले. न सांगता वॉर्डात शिरून तपासणी करायची, घड्याळ बघायचं आणि उशिरा येणारीला दारातच उभी करायची, अशी माझी ख्याती होती. संघमित्रा त्या मुलींमधली सर्वांत शांत. पुसदकडची, बौद्ध घरातली. तिचे आजोबा छप्पन सालच्या दीक्षेची गोष्ट रोज सांगत आणि वर म्हणत, 'शिकलीस तर दुसऱ्याच्या कामी ये.' ती खरंच कामी आली. नोकरी सोडून तिनं आपल्या जिल्ह्यात बायकांची एक छोटी संस्था काढली. मी निघायच्या महिनाभर आधी तिचा निरोप आला, "मॅडम, एकदा या. इथं तुमच्या ओरडण्याची गरज पडून राह्यली."

मला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. ओरडायला कोणी बोलावतंय म्हटल्यावर मी तिकीट काढलं.

यवतमाळ

धामणगावला उतरून यवतमाळला पोचले तेव्हा ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर आलं होतं. स्टँडबाहेर संघमित्रा उभी होती आणि तिच्या शेजारी पांढऱ्या मिशांचे, साठीचे एक गृहस्थ. हे भाऊराव. कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारे शेतकरी. त्यांचीही एक संस्था आहे, शेतकऱ्यांनी मिळून काढलेली, आणि तिच्याकडं एक जुनी जीप आहे. त्यांनी माझी पिशवी घेतली आणि आधी पोह्यांच्या गाडीवर नेलं.

पोह्यांवर लालभडक तर्री ओतलेली पाहून मी जरा मागं सरले. आमच्याकडं पोह्यांवर खोबरं असतं आणि लिंबाची फोड.

"तुमी नर्सायच्या मास्तरीण म्हंते संघमित्राताई," भाऊराव म्हणाले. "लोकायले सुया टोचता, मंग तर्रीले कायले भ्याता?"

मी दोन बशा खाल्ल्या. नाकाडोळ्यांतून पाणी वाहिलं, पण माघार घेतली नाही. त्या दोन बशांवर आमची ओळख पक्की झाली.

पांढरकवड्याच्या पुढं डांबरी रस्ता बारीक होत गेला. दोन्ही बाजूंना सोयाबीनची सोंगणी चालली होती आणि कपाशीची बोंडं नुकती उकलायला लागली होती. मग शेतं विरळ झाली, सागाचं रान सुरू झालं. जीपमध्ये मला जाणवलं की संघमित्रा आणि भाऊराव एकमेकांशी फार अदबीनं बोलतात. 'तुम्ही म्हणाल तसं', 'नाही, तुम्हीच ठरवा'. इतकी अदब मी फक्त नुकतंच मोठं भांडण मिटलेल्या घरात पाहिली आहे.

थांबाघर

झरी जामणी तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्याला लागून या दोन संस्थांनी दोन खोल्यांचं घर घेतलं आहे. दिवस भरत आलेल्या बायकांनी शेवटचे दहा-पंधरा दिवस इथं येऊन राहायचं, म्हणजे ऐनवेळी रानातून धावपळ नको. सगळे याला थांबाघर म्हणतात. तांदूळ, तूर आणि जीप भाऊरावांच्या संस्थेची. सुईणी आणि देखभाल संघमित्राच्या बायकांची. अंगणात कडुलिंब, ओसरीवर चार खाटा. मी गेले तेव्हा दोन बाया अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. मी सवयीनं खाटेखाली वाकून पाहिलं. धूळ नव्हती.

"सगळं तर छान आहे," मी म्हणाले. "मला कशाला बोलावलंस?"

दुपारची जेवणं झाल्यावर ती मला मागच्या पायरीवर घेऊन बसली आणि तिनं जे सांगितलं ते मी इथं जसंच्या तसं लिहिते, कारण या सगळ्या प्रवासाचं कारण तेच आहे.

थांबाघर व्हायच्या आधी दोन्ही संस्था वेगवेगळ्या चालत. एकमेकींच्या पायात पाय नको म्हणून त्यांनी गावं वाटून घेतली होती. एक नाला हद्द धरला. अलीकडची गावं संघमित्राची, पलीकडची भाऊरावांची. कोणी कोणाच्या गावात ढवळाढवळ करायची नाही. मोठ्या समजूतदारपणानं केलेली वाटणी होती ती. फक्त त्या नाल्याच्या दोन्ही काठांवर कोलाम आदिवासींचं एक पोड होतं. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, गावापासून दूर, रानाच्या कडेला. नाल्याच्या अलीकडं निम्मी घरं, पलीकडं निम्मी.

गेल्या वर्षी पलीकडच्या काठावर जंगूबाई नावाच्या मुलीला सकाळीच कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण. सरकारी गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येते, पण पोडापासून रस्त्यापर्यंत न्यायचं कोणी? तिचा नवरा टेकडीवर चढला, कारण मोबाईल तिथंच लागतो, आणि जवळ होता त्या नंबरवर त्यानं फोन केला.

"फोन मी उचलला, मॅडम," संघमित्रा म्हणाली. "मी विचारलं, घर नाल्याच्या अलीकडं का पलीकडं? तो म्हणाला, पलीकडं. मी म्हटलं, ते आमच्याकडं नाही, भाऊरावांना लाव."

त्यानं भाऊरावांना फोन लावला. भाऊराव म्हणाले, बाळंतपणाचं काम संघमित्राताईंचं, मी परस्पर गाडी पाठवली तर त्यांना वाईट वाटेल, त्यांना विचारून सांगतो. त्यांनी संघमित्राला फोन केला, तेव्हा ती दुसऱ्या बाळंतपणात होती. असं करत तासाच्या वर वेळ गेला. जीप निघाली तेव्हा घरच्यांनी जंगूबाईला खाटेवर घालून चालायला सुरुवात केली होती. ती वाटेतच बाळंत झाली. मुलगा होता. तो थोडाच वेळ जगला.

"तुम्ही शिकवलं होतं," ती पुढं म्हणाली. "बाळंतपणाचा फोन आला की पहिला प्रश्न एकच, कळा कधीपासून आहेत. गाव, नाव, नवऱ्याचं नाव, सगळं नंतर. पेपरात मला त्याचे पूर्ण मार्क दिले होते तुम्ही."

मला ओरडता आलं असतं, पण ते जिनं ऐकायचं तिनं आधीच ऐकलेलं होतं.

त्यानंतर दोन्ही संस्था एकत्र आल्या, थांबाघर झालं. आसपासच्या पोडांवरच्या बायका येऊ लागल्या. त्या एका पोडावरून मात्र कोणी आलं नाही. आणि जंगूबाईला पुन्हा दिवस गेले होते. ते आता भरत आले होते. संघमित्रा जाऊन आली होती, भाऊराव वेगळ्या दिवशी जाऊन आले होते. नवऱ्यानं दोघांच्याही संमतीच्या कागदावर अंगठा दिला. ठरल्या दिवशी जीप गेली आणि रिकामी परत आली. पोडाच्या नाईकांनी, म्हणजे प्रमुखांनी, निरोप दिला होता, 'दोघं एका रोजी या आन् चावडीवर बसा.'

"उद्या जायचंय," संघमित्रा म्हणाली. "तुमचं तरी ऐकतील."

पोड

सकाळी आठला निघालो. भाऊरावांच्या जीपचा चालक शेषराव, भाऊराव, संघमित्रा आणि मी. नाला गुडघाभर होता. जीप त्यातून गुरगुरत पलीकडं गेली.

पोड फार नेटकं होतं. बांबूच्या कुडांच्या, शेणामातीनं लिंपलेल्या भिंती, झाडून काढलेली अंगणं. मधोमध चावडी, म्हणजे चारी बाजूंनी उघडा मांडव, वर गवताचं छप्पर. नाईक पन्नाशीचे, शिडशिडीत. त्यांनी आम्हाला बसवलं, कोरा चहा दिला आणि ते बांबूची टोपली विणायला लागले.

अर्धा तास गेला. मी घड्याळ पाहिलं. एकेक माणूस येऊन टेकत होता. तास झाला. मी संघमित्राच्या कानात विचारलं, "सुरू का करत नाहीत?"

"नाल्याच्या पल्याडची दोन घरं यायची आहेत. प्रत्येक घरचं माणूस आल्याबिगर इथं बोलणं सुरू होत नाही."

आमच्या साताऱ्यात मीटिंगला तिघं आली तरी आम्ही ठराव करून मोकळे होतो. मला राहवेना. मी उठले आणि नाईकांना म्हणाले, "तुमचं चालू द्या. मी तोवर त्या मुलीला तपासून घेते. कुठं आहे ती?"

"बसा बाई," नाईक मान वर न करता म्हणाले. "तिच्याबद्दलच बोलाचं हाय. ती इथंच बसून हाय."

मी पाहिलं. खांबाला टेकून एक किडकिडीत मुलगी बसली होती, वीस-बावीसची. पोट पुढं आलेलं, हात गुडघ्यावर. तासभर ती माझ्यासमोर होती आणि मी तिला पाहिलंच नव्हतं. पस्तीस वर्षं गरोदर बायका तपासणाऱ्या मला त्याची फार लाज वाटली. पण लाज वाटली की माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड.

"अहो, पण तिच्या जिवाचा प्रश्न आहे," मी म्हणाले. "एकेका तासाला किंमत असते. आणि आपण इथं चहा पीत बसलोय."

मागून एक म्हातारी बोलली. जंगूबाईची सासू, हे नंतर कळलं. आवाज अजिबात न चढवता ती म्हणाली, "त्या रोजी तुमची घाई कुठं गेलती, बाई?"

मी खाली बसले. साताऱ्याहून ओरडायला आलेली मी, त्यानंतर त्या चावडीवर एक शब्द बोलले नाही.

शेवटची दोन घरं आल्यावर नाईकांनी टोपली बाजूला ठेवली. "आता सांगा," ते म्हणाले. "पयले त्या रोजचं सांगा. मंग उद्याचं."

भाऊरावांनी घसा साफ केला आणि संस्था, समन्वय, यापुढं असं होणार नाही, असं काहीसं बोलायला लागले. नाईकांनी हात वर केला. "संस्था नोका सांगू. फोन कोनं उचलला ते सांगा."

इतका वेळ खाली पाहत बसलेली संघमित्रा उभी राहिली. मग तिला ते बरं वाटलं नसावं. ती पुन्हा खाली बसली, जंगूबाईच्या समोर, जमिनीवर.

"मी उचलला होता," ती म्हणाली. "मी तुझ्या नवऱ्याले विचारलं, घर कोनत्या काठावर हाय. तुले कळा कधीपासून हायेत, ते नाई विचारलं. माह्याकडून चुकलं. वर्ष झालं, मी तुले हे सांगाले आली नाई, कागदच घेऊन येत राह्यली."

भाऊराव मिशीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "दुसरा मी. जीप दारात उभी होती. मी मानपान पाहात बसलो." तर्रीवरून मला चिडवणारा तो माणूस सगळ्यांदेखत डोळे पुसत होता आणि कोणी त्याच्याकडं टक लावून पाहत नव्हतं.

जंगूबाईचा नवरा उठून चावडीबाहेर गेला आणि थोड्या वेळानं परत येऊन बसला.

"आता फोन केला तर कोन उचलते?" नाईकांनी विचारलं.

"आम्ही," दोघं एकदम म्हणाले.

"दोघं म्हंजे कोनीच नाई," नाईक म्हणाले. "आमच्या पोडात घर दोन काठावर हाय, पन पोड एक हाय. तुमी हिस्से केले. आता इथंच बसा आन् एक व्हा. झालं की सांगा. आमाले घाई नाई."

आणि खरंच त्यांनी टोपली पुन्हा विणायला घेतली. आमच्या दोन संस्थांनी त्या मांडवात, सगळ्या पोडादेखत बसून, वर्षभरात केलं नव्हतं ते केलं. नंबर एकच, तो थांबाघरात राहील. एक दिवस संघमित्राची बाई उचलेल, एक दिवस भाऊरावांकडचं माणूस. जो उचलेल तो कोणाला न विचारता गाडी काढेल. मधेच कोणी 'आमची संस्था' म्हणालं की कोपऱ्यातली एक बाई हसायची आणि बोलणारा ओशाळायचा. दोन तास लागले. मग नाईकांच्या मुलीनं गेरूनं चावडीच्या खांबावर तो नंबर लिहिला. वर संस्थेचं नाव लिहायचं का, असं तिनं विचारलं. दोघंही नको म्हणाले. मी तो नंबर वहीत उतरवून घेतला.

तरी जंगूबाई हो म्हणाली नव्हती. नाईकांनी तिच्याकडं पाहिलं. ती पहिल्यांदाच बोलली.

"गाडी इथंच राहू द्या. मी म्हनन तेवा निघन."

म्हणजे तुम्ही बोलवाल तेव्हा नाही, तुमच्या तारखेला नाही, मी म्हणेन तेव्हा. भाऊरावांनी शेषरावकडून किल्ली घेतली, नाईकांसमोर जमिनीवर ठेवली आणि म्हणाले, "शेषराव इथंच राहीन. आमी पायी जातो."

उतरताना

रस्ता दोन तासांचा होता. नाला ओलांडताना माझा पाय शेवाळावर घसरला. मी कमरेपर्यंत भिजले आणि एक चप्पल वाहत गेली. भाऊरावांनी आपल्या चपला काढून माझ्यापुढं ठेवल्या. मी नको म्हणाले. "घाला जी," ते म्हणाले, "आज मले अनवानीच चालू द्या." मी घातल्या. दोन बोटं मोठ्या होत्या.

मोहाची, पळसाची झाडं मागं पडत होती. संघमित्रा प्रत्येक मोठ्या झाडाखाली जरा थबकायची. त्या मुलाला वाटेत कुठं पुरलं, ते तिला माहीत नव्हतं आणि कोणाला विचारायचा धीर तिला वर्षभर झाला नव्हता.

पुन्हा थांबाघर

एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेषरावचा फोन आला, "जंगूबाई निघते म्हंते. कळा नाईत, पन निघते म्हंते." पोडावरून थांबाघरापर्यंत जीपला पाऊण तास लागतो. मी ओसरीवर घड्याळ घेऊन बसले. पाऊण तास झाला, तास झाला, दीड तास झाला. संघमित्रा आत-बाहेर करत होती. भाऊराव फाटकाशी उभे होते.

जीप आली तेव्हा माझ्या जिभेवर शब्द तयार होते. जीपमधून आधी सासू उतरली, मग तीन बाया. पोड एकट्या बाईला पाठवत नाही. शेवटी जंगूबाई. मी शेषरावला बाजूला घेतलं. "इतका वेळ कशाला?"

"वाटेत थांबाले सांगतलं तिनं," शेषराव म्हणाला. "एका मोहाच्या झाडापाशी. खाली दगडं मांडून हायेत. ती तिथं बसली. बाया बी बसल्या. मी गाडी बंद केली. मी काहून घाई करू?"

माझे तयार शब्द मी गिळले. संघमित्रानं ऐकलं होतं. ती शेषरावला इतकंच म्हणाली, "ते झाड मले दाखव." मग ती आत गेली आणि जंगूबाईच्या पायांवर पाणी घातलं. जंगूबाईनं पाय मागं घेतले नाहीत.

संध्याकाळी मी तिला तपासलं. बाळाचे ठोके स्वच्छ ऐकू येत होते. मी स्टेथोस्कोपची नळी तिच्या कानाला लावली. ती ऐकत राहिली, बराच वेळ, आणि मग तिनं ती सासूच्या कानाला लावली.

सातारा

तिचं बाळंतपण होईपर्यंत मला थांबायचं होतं, पण परतीचं तिकीट होतं. घरी पोचल्यावर सहाव्या दिवशी संघमित्राचा फोन आला. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. मी वेळ विचारली, वजन विचारलं, रडली का लगेच ते विचारलं, आणि फोन ठेवल्यावर मीच रडले. शेजारच्या बाईंना वाटलं, कोणी गेलं की काय.

त्यानंतर महिनाभरानं, एका दुपारी, वहीत उतरवून घेतलेला तो खांबावरचा नंबर समोर आला. न सांगता तपासणी करायची माझी खोड काही जात नाही. चुकीचं आहे हे कळत होतं, तरी मी नंबर फिरवला.

दुसरी घंटा पुरती वाजली नव्हती. पलीकडून भाऊरावांचा आवाज आला, घाईचा, मोठा, रानात हाक मारावी तसा.

"बोला. कळा कधीपासून हायेत?"

गाव त्यांनी विचारलंच नाही.